तपासणीपुढचा स्टार

नियमबाईंना कोणी त्यांची चूक दाखवलेली आवडत नसे, असं म्हटलं तर ते अर्धंच खरं होईल. चूक दाखवायला कोणी धजतच नसे, त्यामुळे आवडतं की नाही हे बघायची वेळ कधी आलीच नव्हती. ऑफिसात सगळे मिळून चौदा जण. तोंडावर बाई म्हणत, पाठीमागे नियमबाई, आणि बाईंना दोन्ही माहीत होतं. खरं सांगायचं तर दुसरं नाव त्यांना जास्त आवडायचं.

ऑफिस त्यांच्या थोरल्या भावाचं. नाटकाच्या स्टेजवर वस्तू आणि माणसं वर उचलणारी यंत्रं ते बनवत. पडदा, दिवे, खोटी भिंत, खोटा चंद्र, आणि कधी कधी अंगाला पट्टा बांधून तारेला लटकवलेला जिवंत नट. मोटारी काय, बाजारात कोणीही बनवतं. यांचं नाव होतं ते यांच्या भाषेमुळे. स्टेजमागचा माणूस काही इंजिनिअर नसतो. अमुक इशाऱ्याला अमुक मोटार इतके फूट वर ने, हे त्याला साध्या शब्दांत लिहिता आलं पाहिजे. तो जे लिहितो त्याला म्हणायचं शीट. शीटमध्ये काय लिहिता येतं, कशानंतर काय यायला हवं, काय गाळलं तर चालतं, हे सगळं एका पानावर होतं. त्या पानाला व्याकरण म्हणत, आणि ते बारा वर्षांपूर्वी बाईंनी एकटीने लिहिलं होतं.

पान म्हणजे एकसष्ट नियम. प्रत्येक नियमात डावीकडे एक नाव, मग बाण, आणि उजवीकडे ती गोष्ट कशाकशाची बनते ते. उभी रेघ म्हणजे हे किंवा ते. शब्दापुढे स्टार म्हणजे ती गोष्ट कितीही वेळा, अगदी नसली तरी चालेल. प्लस म्हणजे कितीही वेळा, पण निदान एकदा तरी हवीच. बस्स, इतकंच. पानात बसलं ते बरोबर, नाही बसलं ते चूक. त्यात वाद नाही, मुरव्वत नाही, 'अहो, जरा समजून घ्या' नाही. माणसांच्या भांडणांना विटलेल्या बाईंना त्या पानाइतकं सुख दुसऱ्या कशानेच दिलं नव्हतं. ग्राहकाला यंत्र देताना ते पान फ्रेम करून दिलं जाई. भिंतीवर लावायचं, अशी बाईंची अटच असायची.

त्या शनिवारी सकाळी सव्वाअकराला मास्तर त्यांच्यासमोर वही उघडून बसले होते. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले. ग्राहकांसाठी सोप्या भाषेतलं माहितीपुस्तक लिहायला भावाने त्यांना सहा महिन्यांसाठी घेतलं होतं. एकेक नियम मोठ्याने वाचायचा, त्याचं सरळ वाक्य करायचं, बाईंना ऐकवायचं आणि बाईंनी वैतागायचं, असं तीन आठवडे चाललं होतं. मास्तरांना कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं आणि त्याची त्यांना लाजही वाटत नव्हती. बाईंचं डोकं उठायचं ते त्यामुळेच.

"सदतिसावा," मास्तर म्हणाले. वहीत त्यांनी वळणदार अक्षरात तो उतरवून घेतला होता.

माणूस-उचल → मोटार अंतर वेग तपासणी*

"म्हणजे माणूस उचलायचा असेल तर आधी मोटारीचं नाव, मग किती फूट, मग किती वेगाने, आणि मग तपासण्या. कडी बंद आहे का, वजन बरोबर आहे का, खाली कोणी उभं नाही ना. लिहिलेली प्रत्येक तपासणी यंत्र स्वतः करतं. एक जरी फसली तरी मोटार जागची हलत नाही. बरोबर?"

"बरोबर. पुढे."

"पुढे स्टार आहे. तर मी वाक्य असं केलंय. माणूस उचलताना कितीही तपासण्या लिहाव्यात. एकही न लिहिल्यास चालेल."

"मास्तर, अहो, असं कोण लिहील? माणूस तारेवर चढवताना एकही तपासणी नाही, असं कोणी शहाणा माणूस..."

बाईंचं वाक्य तिथेच राहिलं. मास्तर पेन धरून उरलेल्या शब्दांची वाट बघत बसले.

बाईंनी मान वळवून भिंतीवरच्या फ्रेमकडे पाहिलं. रोज दिसणारं पान, पण वाचलेलं कधी? सदतिसाव्या नियमाच्या टोकाला स्टार होता. वरच्या छत्तिसाव्याच्या टोकालाही होता. छत्तिसावा दिव्यांचा. दिवा उचलताना तपासणी नसली तरी चालते, कारण दिवे नेहमीचेच, पक्के बसवलेले. बाईंना लख्ख आठवलं, की छत्तिसावा लिहून झाल्यावर त्यांनी तो तसाच खाली उतरवला होता आणि 'दिवा'चं 'माणूस' केलं होतं. तेवढंच केलं होतं. टोकाकडे पाहिलंच नव्हतं.

त्यांनी मास्तरांची वही आपल्याकडे वळवून घेतली.

"प्लस हवा होता का तिथे?" मास्तरांनी हळूच विचारलं. "होतं असं कधी कधी लिहिताना. मी एकदा वार्षिक परीक्षेच्या पेपरात..."

"मास्तर, कृपा करून जरा गप्प बसा."

 बाईंनी घाईघाईने कॉम्प्युटर पुढे ओढला. मनात एक आशा होती. ऑफिसात शीट वाचणारा प्रोग्रॅम तयार झाला की त्याची चाळीस हजार वेळा परीक्षा घेत. इतक्या परीक्षांतून असली चूक सुटेल? शक्यच नाही. कुठेतरी ती पकडली गेली असणार, कोणीतरी प्रोग्रॅममध्येच बंदोबस्त केला असणार. त्यांनी माणूस उचलणारी, पण एकही तपासणी नसलेली शीटं त्या परीक्षांतून शोधायला सांगितली. उत्तर आलं एक हजार नऊशे बारा. प्रत्येकापुढे हिरव्या अक्षरांत 'बरोबर'.

आता यात नवल काय होतं? काहीच नाही, आणि तेच भयंकर होतं. प्रोग्रॅम त्या पानावरून आपोआप तयार व्हायचा. परीक्षेची शीटंही त्याच पानावरून आपोआप तयार व्हायची. ही बाईंचीच पद्धत, त्यांनीच बसवलेली. माणसाचा हात कुठे लागायला नको, म्हणजे चूक व्हायला नको. पानाने पानालाच विचारलं होतं, मी बरोबर आहे ना? आणि पानाने बारा वर्षं सांगितलं होतं, हो.

 एरवी त्या काय करत्या? स्टार खोडून प्लस करत्या, सोमवारी सगळीकडे सुधारलेला प्रोग्रॅम पाठवत्या, मास्तरांना तंबी देत्या आणि डबा खात्या. पण आज शनिवार होता, आणि तीन वाजता नव्या नाटकाचा पहिला खेळ होता, आणि त्यात पहिल्या अंकाच्या शेवटी टिटवी तीस फूट वर जाणार होती.

टिटवी म्हणजे त्यांच्या भावाची मुलगी. वय एकवीस. लहानपणी रडायला लागली की तीन घरांना ऐकू जायचं, म्हणून हे नाव पडलं आणि चिकटलं. बाईंना स्वतःचं मूल नाही. टिटवीने सायकल शिकताना गुडघा फोडला तो बाईंच्या हाताखाली, नाटकात जायचं म्हणून बापाशी भांडली ती बाईंच्या घरी येऊन, आणि बापाची समजूत घातली ती बाईंनीच. "आपल्याच यंत्रावर तर उडणार आहे पोरगी," असं त्या मोठ्या तोऱ्यात म्हणाल्या होत्या.

त्यांनी टिटवीला फोन लावला. बंद. बाराच्या आत सगळ्या नटांचे फोन एका पेटीत टाकतात, हे तिनेच हसत सांगितलं होतं. थिएटरमध्ये यंत्र चालवायचे ते दोरकाका. त्यांचा फोन स्टेजवर कधीच नसायचा. राहिला भाऊ. तो सकाळपासून तिथेच होता. चौथ्या वेळी त्याने उचलला.

"अगं, काय लावलंयस? इथे पाहुणे आलेत."

बाईंनी सांगितलं. जमेल तितकं सरळ सांगितलं, तरी जीभ अडखळत होती. 

"म्हणजे कोणी तपासण्या लिहिल्याच नाहीत तर यंत्र ओरडणार नाही. एवढंच ना?" भाऊ म्हणाला.

"एवढंच काय, दादा? एवढंच म्हणजे..."

"अगं, बारा वर्षांत कधी काही झालंय का? दोरकाकांसारखा माणूस आहे इथे. ते तपासणी लिहिल्याशिवाय राहतील? आज समोर अकरा थिएटरांचे मालक बसणार आहेत. नऊ महिने मागे लागलोय मी त्यांच्या. आज तोंडातून चूक हा शब्द काढू नकोस. सोमवारी बघू."

"दादा, तारेवर टिटवी असणार आहे."

"माझीच लेक आहे ती. ती कुठे असणार आहे ते मला माहीत आहे. आधीच तिला धडकी भरलीये, त्यात तू भर घालू नकोस." फोन बंद झाला.

शीट इथून बघायची सोय नव्हती. थिएटरातली यंत्रं बाहेरच्या कशाला जोडायचीच नाहीत, हा नियमही बाईंचाच, सुरक्षिततेसाठी केलेला. त्यांनी पर्स उचलली. मास्तर दारापर्यंत आले.

"मी येऊ का बरोबर?"

"तुम्ही इथेच थांबा आणि उरलेले चोवीस नियम वाचा. असंच मोठ्याने. जिथे जिथे वाक्य वेड्यासारखं वाटेल तिथे खूण करा." असं बाईंनी उभ्या आयुष्यात कोणाला सांगितलं नव्हतं. मास्तरांना त्याचं अप्रूप वाटलं असेल, तर त्यांनी ते चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

टॅक्सी पाऊण तासात पोचायला हवी होती. पुलाच्या अलीकडे रस्त्याचं काम चाललं होतं आणि दोन रांगांची एक रांग होत होती. बाईंनी घड्याळ पाहिलं, एक वाजून पाच. पुन्हा पाहिलं, एक वाजून सहा. समोरच्या ट्रकमधला माणूस निवांत केळं सोलत होता आणि बाईंना त्याचा विनाकारण राग आला. दोरकाका तपासण्या लिहिणारच, असं त्या मनाला बजावत. तीस वर्षं दोर ओढलेला माणूस. आधी हाताने ओढत, मग यंत्राने. त्यांनी लिहिल्याच असणार. लगेच दुसरं मन म्हणे, अगं बाई, माणसं लिहितीलच यावर भरवसा ठेवायचा होता तर नियम कशाला केलेस? नियम असतो तो विसरलेल्या दिवसासाठी, घाईच्या दिवसासाठी, डोकं दुखत असलेल्या दिवसासाठी. शहाण्याला नियम लागतच नाही. हे तर त्या स्वतः यंत्र चालवणाऱ्यांच्या शिबिरांतून सांगत फिरायच्या.  

"दवाखान्यात चाललाय का?" टॅक्सीवाल्याने आरशातून विचारलं.

"नाटकाला," बाई म्हणाल्या. 

दोन वाजून दहा मिनिटांनी त्या थिएटरच्या मागच्या दाराने आत शिरल्या. बोळात रंगाचा आणि लाकडाच्या भुशाचा वास होता. कोणी खिळे ठोकत होतं, कोणी खोटी दाढी चिकटवत होतं. विंगेत एका टेबलाशी दोरकाका बसले होते, चष्मा कपाळावर सरकवलेला, शेजारी चहाचा रिकामा पेला. बाईंना पाहताच ते उठून उभे राहिले.

"या बाई! पहिल्या खेळाला आलात, बरं वाटलं."

"काका, शीट दाखवा. माणूस-उचल कितवी?"

"चौदावी."

त्यांनी पडद्यावर ती ओळ आणली. मोटार चार, अंतर तीस, वेग तीन. आणि ओळ संपली. पुढे काहीच नव्हतं.

 बाईंनी ओळीच्या रिकाम्या टोकावर बोट ठेवलं. "काका, तपासण्या कुठायत?"

"काढल्या," दोरकाका म्हणाले. "पंधरा दिवस झाले. दिग्दर्शक म्हणाले, ढोल वाजला की पोरगी त्याच ठोक्याला उडाली पाहिजे. तपासण्यांना चार सेकंद जातात. मी नाही म्हटलं. दोनदा नाही म्हटलं. मग ते म्हणाले, तुमच्या पानात चालतं का ते बघा." त्यांनी भिंतीकडे बोट केलं. तिथे खिळ्याला ती फ्रेम होती, काचेवर रंगाचे शिंतोडे उडालेली. "बघितलं. स्टार आहे. नसली तरी चालेल. यंत्रानेही कुरकुर केली नाही. म्हटलं, बाईंनी काहीतरी विचार करूनच ठेवलं असेल. मी हाताने कडी ओढून बघतो दर वेळी. तेवढं मी सोडलं नाही."

"पण तुम्हाला विचित्र वाटलं नाही? माणूस उचलायचा आणि तपासणी नाही?"

"वाटलं ना. आज नाही, नऊ वर्षांपूर्वीच वाटलं होतं."  "तुमच्या शिबिरात मी उभा राहून विचारलं होतं, बाई, इथे शून्य कसं चालेल? तुम्ही म्हणालात, काका, आधी चिन्हं वाचायला शिका, मग शंका काढा. वीस जण होतो आम्ही. हसले सगळे. तुम्हाला कुठे आठवणार, तुमचे किती वर्ग झाले असतील. मग शिकलो मी वाचायला."

हे त्यांनी तक्रारीच्या सुरात म्हटलं असतं तर बाईंना सोपं गेलं असतं. ते अगदी साधं म्हणाले, काल काय जेवलो ते सांगावं तसं. बाईंना खरंच आठवत नव्हतं. चेहरा आठवत नव्हता, प्रश्न आठवत नव्हता. पण ते वाक्य त्यांचंच होतं, यात शंकाच नव्हती. असली वाक्यं त्यांनी कितीतरी वर्गांत, कितीतरी जणांना फेकून मारली होती, आणि वर्ग हसला की त्यांना बरं वाटायचं.

"तपासण्या परत घाला," त्या कशाबशा म्हणाल्या. "आत्ता. तिन्ही. आणि एकदा चालवून बघा."

तेवढ्यात भाऊ आला. कोटाला फूल लावलेलं, कपाळावर आठ्या. "आलीसच का शेवटी! बरं, घाला काय घालायचं ते, पण पटकन आणि गुपचूप. अडीचला दारं उघडतील." त्याच्या पाठोपाठ टिटवी आली. तिच्या अंगावर राखाडी पोशाख आणि पोशाखाखाली पट्टा. आत्याला बघून तिचा चेहरा फुलला, मग आत्याचा चेहरा बघून तिने विचारलं, "काय झालंय?"

"काही नाही, एकदा चालवून बघतोय," भाऊ म्हणाला.

तिला मोटार चारखाली उभं केलं. दोरकाकांनी तारेची कडी तिच्या पाठीवरच्या पट्ट्यात अडकवली, नेहमीसारखी दोन हातांनी खच्चून ओढली. कडी घट्ट बसली होती. मग टेबलाशी येऊन त्यांनी बटण दाबलं. एक सेकंद, दोन, तीन, चार. मोटार हलली नाही. पडद्यावर लाल अक्षरं आली. कडी उघडी.

"बंद तर आहे," भाऊ म्हणाला. "दिसतेय की डोळ्यांनी. यंत्राची वायर सैल झाली असेल कुठेतरी."

दोरकाका परत गेले, कडी काढली, पुन्हा अडकवली, पुन्हा ओढली. बटण दाबलं. कडी उघडी.

मग त्यांनी ती कडी तारेवरून सोडवून दिव्याखाली आणली. कडीला एक जीभ असते, ती आतल्या स्प्रिंगने मिटून राहते. दोरकाकांनी जिभेला करंगळीने बाजूने जराशी टिचकी मारली. जीभ उघडली आणि तशीच लोंबत राहिली. आतली स्प्रिंग तुटली होती. सरळ ओढलं तर ती पकडून राहायची. माणूस हवेत वळला, तिरका झाला, की सुटायची. आणि नाटकात टिटवी वारा झाली होती, तिला तीस फुटांवर गिरक्या घ्यायच्या होत्या.

 ढोलवाला ढोल गळ्यात घालून तिथेच थबकला होता. दिग्दर्शक आला, त्याने कडी पाहिली आणि मागच्या मागे एका खोक्यावर बसला.

"काल मी चारदा वर गेले," टिटवी म्हणाली. एरवी तीन घरांना ऐकू जाणारा तो आवाज आज समोरच्यालाही धड ऐकू येत नव्हता. "आत्या, काल ही अशीच होती का?"

भावाने बाईंना डोळ्यांनी खुणावलं, नको. बाईंनी ते पाहिलं.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "काल तुटली असेल, आठ दिवसांपूर्वी तुटली असेल. तपासणी लिहिलेली असती तर तुटली त्याच दिवशी कळलं असतं."

ते ऐकलं आणि भावाचा तोल गेला. बाप होता तो, भीती अंगात मावेना, ती कुठेतरी बाहेर पडणारच. तो दोरकाकांच्या अंगावर गेला. "तपासण्या काढल्याच कशा तुम्ही? तीस वर्षं काय झोपा काढल्या? माझी पोर मेली असती, म्हातारबा! कोणी सांगितलं होतं तुम्हाला?" आवाज ऐकून रंगवाले, सुतार, दाढी लावलेले नट सगळे विंगेत गोळा झाले. त्यांच्या मागे पाहुण्यांपैकीही दोघे येऊन उभे होते. भावाला ते दिसले आणि त्याचा आवाज एकदम खाली आला, पण शब्द त्याने जपून निवडले. "यंत्राचा काही दोष नाही. चालवणाऱ्याची चूक आहे."

दोरकाकांनी मान खाली घातली. हातातली कडी ते उगाचच पुसत होते. एकदाच त्यांनी वर पाहिलं, बाईंकडे, आणि लगेच नजर काढून घेतली. भिंतीवरच्या पानाकडे त्यांनी बोट दाखवलं नाही. त्यांना बोलायचंच नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी बोलून बघितलं होतं त्यांनी.

"काकांची चूक आहे?" टिटवीने आत्याला विचारलं.

 गप्प बसायचं एवढंच करायचं होतं, आणि सगळं निभावलं असतं. अकरा मालक, भावाचे नऊ महिने, चौदा जणांचे पगार, बारा वर्षांचं नाव. सोमवारी स्टारचा प्लस गुपचूप झाला असता आणि कोणाला पत्ताही लागला नसता. 

"नाही," त्या म्हणाल्या. आवाज चिरकला, म्हणून त्या पुन्हा म्हणाल्या. "नाही. काकांनी केलं ते नियमात बसतं. नियमच चुकलाय. माणूस तपासणीशिवाय उचलला तरी चालेल, असं मी लिहून ठेवलंय. बारा वर्षांपूर्वी. काकांना ते दिसलं होतं. त्यांनी मला भर वर्गात विचारलं होतं, आणि मी त्यांना हसले. वीस माणसांसमोर. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, याचा दोष त्यांच्याकडे जात नाही."

भावाने डोळे मिटून घेतले. पाहुण्यांतला एक जण दुसऱ्याच्या कानाशी लागला. दोरकाका म्हणाले, "जाऊ द्या हो बाई," आणि बाईंना रडू फुटलं. चारचौघांत, दिव्यांच्या उजेडात, नाक लाल करून त्या रडल्या. आपण कशा दिसत असू याचा विचारही त्यांच्या मनात आला नाही.

टिटवीने पट्ट्याचे बंद एकेक करून सोडले आणि पट्टा खाली ठेवला. "मी आज जमिनीवरच नाचते," ती दिग्दर्शकाला म्हणाली. तो नुसता मान हलवत राहिला. मग ती आत्याजवळ आली. तिला मिठी मारील असं सगळ्यांना वाटलं असेल, पण तिने मिठी मारली नाही. तिने दोन्ही हात काखेत दाबून धरले होते.

"ती वीस माणसं," तिने विचारलं, "ती आता कुठे आहेत?"

बाईंनी डोळे पुसले. प्रश्न डोक्यात शिरायला एक क्षण लागला. ती वीस माणसं वीस थिएटरांत होती. वीस विंगांत, वीस टेबलांशी. तीही चिन्हं वाचायला शिकली होती. आणि शंका विचारली की काय होतं, हे त्या दिवशी त्यांनीही बघितलं होतं.

"काका, नंबर आहेत का तुमच्याकडे?"

दोरकाकांनी खिशातून एक चुरगळलेली डायरी काढली. अडीच वाजून गेले होते, पुढच्या बाजूला दारं उघडल्याचा आवाज आला. भाऊ काही म्हणेल म्हणून बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. तो कोटावरचं फूल काढून हातात धरून उभा होता. तो पुढे आला, डायरी घेतली, आणि चष्मा नसल्यामुळे लांब धरून पहिला नंबर मोठ्याने वाचू लागला. बाईंनी तो लावला.

"काय बाई, आज कशी आठवण काढलीत?" पलीकडचा माणूस खुशीत होता. मागे कुठेतरी वाद्यं जुळवत होते.

"तुमच्या आजच्या शीटमध्ये माणूस-उचल आहे का?"

"आहे की. दोन आहेत. घंटा द्यायलाच निघालो होतो."

"त्यांच्यापुढे तपासण्या लिहिल्यात?"

 तो जपून, वर्गात चुकीचं उत्तर देताना द्यावं तसं म्हणाला, "नाही. स्टार आहे ना बाई तिथे?"

"घंटा देऊ नका," बाई म्हणाल्या. "मी चुकले आहे. सांगते, नीट ऐका, आणि जिथे कळणार नाही तिथे मला थांबवा."